हळू वाचणाऱ्या पोराच्या हाती रहस्यकथा

भाच्याच्या नवव्या वाढदिवसाला मी त्याला फास्टर फेणेचा वीस पुस्तकांचा अख्खा संच दिला. त्यानं तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून बघितला, "मावशी, हे सगळं वाचायचं का?" असं हळू आवाजात विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं दिवाणाखाली गेली, जुन्या चादरींच्या मागं. सहा महिने तिथंच पडून होती. चूक माझी होती. ज्या पोराला एक पान वाचायला दहा मिनिटं लागतात, त्याच्यापुढं मी डोंगर आणून ठेवला होता.

त्यानंतर त्याच्याबरोबर आणि आमच्या सोलापुरातल्या गल्लीतल्या आणखी तीन-चार पोरांबरोबर बसून जे शिकले, ते इथं पायरीपायरीनं लिहिते. घरात वाचायचा कंटाळा करणारं सात ते तेरा वर्षांचं मूल असेल आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शाळेत हळू वाचणारं मूल मागं पडतं. रहस्यकथेत पडत नाही. लेखकानं खूण नेहमी अशाच ओळीत दडवलेली असते, जी भराभर वाचणारा ओलांडून जातो. बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द चाचपत जाणाऱ्या पोराला ती सापडायची शक्यता जास्त. इतर कुठल्याच पुस्तकात त्याच्या संथपणाला अशी किंमत मिळत नाही. म्हणून मी सुरुवात रहस्यकथेनं करा म्हणते.

आधी कारण शोधा

मूल वाचत नाही म्हणजे आळशी आहे, असं धरून चालू नका. त्याच्या आवडीच्या विषयावरचं कुठलंही पान त्याला मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही गप्प बसून ऐका. ओळ सुटते का, तीच ओळ परत वाचतो का, डोळे चोळतो का, पुस्तक नाकाजवळ नेतो का हे बघा. तसं दिसलं तर पुस्तकाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला चष्मा लागला आणि महिन्याभरात तिचा अर्धा कंटाळा पळाला. आठ-नऊ वर्षांचं झाल्यावरही अक्षरं उलटसुलट होत असतील, अक्षर ओळखूनही शब्द जुळत नसेल, तर शाळेतल्या बाईंशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि रागावून ते सुटत नाही.

डोळे ठीक असतील तर बहुतेक वेळा अडचण जोडाक्षरांची असते. इंग्रजी माध्यमातली पोरं मराठी अस्खलित बोलतात आणि 'निष्कर्ष' किंवा 'गुप्तहेर' आला की थांबतात. सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आईशी तेलुगूत बोलणं चालतं, दुसरीकडं घरात कन्नड आहे, उर्दू आहे, आणि मराठी शाळेत भेटते. अशा मुलाला गोष्ट मराठीत वाचून दाखवा, पण चोर कोण असेल याची चर्चा घरच्या भाषेत होऊ द्या. संशय घेताना पोराला शब्द शोधावे लागू नयेत.

पुस्तक झेपेल का, हे ठरवायला माझा हिशेब साधा आहे. एका पानावर पाचपेक्षा जास्त ठिकाणी मूल अडलं, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. त्याच्या हाती द्यायला ते अजून जड आहे.

पुस्तक निवडा, एकच

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना गुप्तहेर नको, कोडं हवं. तेनालीराम, बिरबल, विक्रम-वेताळ. वेताळाची गोष्ट तर प्रश्नावरच संपते, आणि राजा उत्तर देण्याआधी तुम्ही पुस्तक मिटून पोराला विचारू शकता. तेलुगू घरांत तेनालीराम आजी-आजोबांना तोंडपाठ असतो, त्याचा फायदा घ्या.

नऊ ते बारा या वयासाठी मी आजही फास्टर फेणेच पुढं करते. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) उभा केलेला हा फुरसुंगीचा बनेश फेणे किडकिडीत आहे, सायकल तुफान हाणतो आणि काही सुचलं की 'ट्टॉक' करतो. पोरांना पहिल्यांदा पकडतो तो हा 'ट्टॉक'. माझा भाचा पुस्तक वाचायला लागण्याआधी दोन दिवस नुसता ट्टॉक करत फिरत होता, मी काही बोलले नाही. गोष्टी बहुतेक स्वतंत्र आहेत, त्यामुळं क्रमानं वाचायची सक्ती करू नका. कव्हर बघून पोरालाच एक उचलू द्या. बाकीची पुस्तकं खरोखर कपाटात ठेवून द्या, नजरेसमोर नको.

अकरा-बाराच्या पुढं फेलूदा. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' या बंगाली मासिकात त्याला पहिल्यांदा आणलं, आणि अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद मिळतात. इथं गोष्ट सांगणारा तोपशे हा फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ आहे. म्हणजे मोठा माणूस शोध घेतोय आणि एक पोरगं बाजूला उभं राहून सगळं बघतंय. वाचणाऱ्या मुलाला उभं राहायला आयती जागा मिळते. पुढं लालमोहनबाबू येतात, स्वतः थरारक कादंबऱ्या लिहिणारे आणि तपशिलांत हमखास चुकणारे. पोरांना त्यांच्या चुका पकडायला फार आवडतं. तेरानंतर शेरलॉक होम्स. त्याच्या कादंबऱ्या चारच आहेत आणि लघुकथा छप्पन. सुरुवात लघुकथेनंच करा, एका बैठकीत निकाल लागला पाहिजे.

घरात आजोबा असतील तर त्यांना जुने रहस्यकथाकार बाबूराव अर्णाळकर यांच्याबद्दल विचारा. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं ऐकून सत्तरीतला माणूस कसा सावरून बसतो ते पोराला बघू द्या. ती पुस्तकं लहान मुलांच्या हाती द्यायची नाहीत, पण आजोबांनी चोरून वाचलेल्या पुस्तकाची हकिगत ही स्वतःच चांगली रहस्यकथा असते.

पुस्तकं विकतच आणली पाहिजेत असं नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात मुलाला बरोबर घेऊन जा आणि त्याच्या नावानं खातं काढता येतंय का बघा. स्वतःच्या नावावर पुस्तक घेताना पोराची मान जरा ताठ होते, हे मी बघितलंय. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलेले आहेत. त्यातल्या दोन-तीन पानांच्या गोष्टी सुरुवातीला उत्तम. सिनेमा मात्र आधी दाखवू नका. २०१७ चा 'फास्टर फेणे' सिनेमा मोठ्या तरुणाची वेगळी गोष्ट आहे. तो बघून पुस्तकाकडं आलेलं मूल पुस्तकात तो तरुण शोधत बसतं.

वेळ ठरवा

आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी बाराच्या पुढं बाहेर पाऊल टाकता येत नाही. पोरं घरात कोंडलेली असतात, मोबाईल मागत असतात. मी तीच वेळ धरली. जेवण झालं, खाली चादर अंथरली, पंखा लावला आणि वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. पोरगं "अजून" म्हणालं तरी पहिल्या आठवड्यात वाढवू नका. शाळा सुरू झाल्यावर आम्ही रात्री जेवणानंतर बसायला लागलो, पण भित्र्या मुलांना रात्री रहस्यकथा नको. भाचा एका रात्री लाईट बंद करू देईना, तेव्हापासून भुताच्या वाड्याची प्रकरणं आम्ही उजेडातच वाचतो. सुरुवातीला खुनापेक्षा चोरीची, हरवलेल्या वस्तूची गोष्ट बरी.

पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, आणि मधेच थांबा

पुस्तक मुलाच्या हातात देऊन "वाच" म्हणायचं नाही. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा. आवाज काढायची गरज नाही, फक्त घाई नको. मुलानं शेजारी बसून ओळीवर नजर ठेवायची, बोट ठेवलं तर फारच छान. "बोट काढ, मोठा झालास" असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा.

प्रकरण संपतं तिथं थांबू नका, त्याच्या आधी अर्धं पान थांबा. दार वाजलंय आणि कोण आलंय ते कळलेलं नाही, तिथं. पुस्तक उलटं ठेवा आणि उठून पाणी प्यायला जा. पहिल्या दिवशी काही होणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातून परत याल तेव्हा पुस्तक सुलटं झालेलं असेल. तेव्हा काहीही बोलायचं नाही. "अरे वा, वाचायला लागलास!" एवढं म्हटलं तरी पोरगं दचकतं.

पुढं वाटून घ्या. एक पान तुम्ही, एक परिच्छेद तो. नंतर अर्ध्यावर या. संवाद असतील तर एकेक पात्र वाटून घेतलं की त्याला छोटी वाक्यं मिळतात. शब्द चुकला आणि अर्थ बदलत नसेल तर सोडून द्या. अर्थ बदलत असेल तर तो शब्द तुमच्या पुढच्या वाक्यात सहज बरोबर वापरा.

आणि "यातून काय शिकलास?" हे विचारायचं नाही. कधीच नाही. त्याऐवजी "तुला कुणाचा संशय येतोय?" एवढंच. पहिल्या प्रश्नाला उत्तर एकच असतं आणि ते मोठ्यांना माहीत असतं. दुसऱ्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नसलं पाहिजे. म्हणून मी सांगते, शक्यतो तुम्ही न वाचलेलं पुस्तक घ्या. मला माहीत असलेली गोष्ट भाच्याबरोबर वाचताना माझा चेहरा त्याला सगळं सांगत होता. न वाचलेल्या पुस्तकात आम्ही दोघं सारखेच अडाणी होतो.

संशयितांची वही

चाळीस पानी साधी वही घ्या. एका संशयिताला एक पान. वर नाव, खाली तीन गोष्टी: चोरी झाली तेव्हा कुठं होता, काय म्हणाला, आणि त्यात काय पटत नाही. लिहायचा कंटाळा असेल तर चित्र काढू द्या. आमच्या वहीत एका लबाड मुनीमजीचं पान म्हणजे नुसत्या मिशा आहेत, पण त्या मिशांखाली "खोटं बोलला, पान ३१" असं लिहिलंय. पानाचा आकडा लिहायची सवय लावा. मागं जाऊन तपासायचं असेल तर पोरगं आपोआप परत वाचतं, आणि परत वाचणं ही गोष्ट सांगून कुणी करत नाही.

शेवटच्या प्रकरणाआधी दोघांनी एकेक चिठ्ठी लिहायची: चोर कोण, कशावरून. आम्ही त्या शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत टाकतो. निकाल वाचून झाला की बरणी उघडायची. बरोबर आलं तर बक्षीस नाही, चुकलं तर चिडवणं नाही. चुकलेल्याला लेखकानं कुठं फसवलं ते पान शोधायचं, एवढंच.

काही मुलं शेवटचं पान आधी बघतात. मी पूर्वी त्यावर रागवायची. आता बघू देते. चोर माहीत असलेलं मूल मग लेखकानं त्याला कसं लपवलंय ते बघत जातं, आणि तेही वाचनच आहे.

अडलेला शब्द टाकून देऊ नका

ही पायरी मला भाच्यानं शिकवली. एकदा मी एका पानाची गोष्ट स्वतः लिहिली. आपल्याच गल्लीत, आजच्या काळात, एका घरातून पितळी घागर जाते. तिघांवर संशय. त्यातला एक सांगतो, "मी झोपलो होतो. सकाळी मिलच्या भोंग्यानं जाग आली, तोवर काही ठाऊक नाही."

मोठ्या भाचीनं दोन मिनिटांत वाचून भलत्याचंच नाव सांगितलं. भाचा तिसऱ्या ओळीवर अडला. 'भों-ग्या-नं'. बोट तिथंच. मला वाटलं, जोडाक्षर अडलंय, म्हणून मी म्हणून दाखवलं. त्यानं मान वर केली.

"मावशी, भोंगा म्हणजे काय?"

"मिलमध्ये पाळी बदलली की वाजायचा. सगळ्या गावाला ऐकू यायचा. तुझे आजोबा त्यावर घड्याळ लावायचे."

"पण मी कधी ऐकला नाही की."

"मिल बंद पडली ना."

तो जरा वेळ गप्प बसला. मग त्यानं बोट त्या शब्दावर दाबलं, इतकं की कागद दुमडला. "मग ह्याला कसा ऐकू आला?"

भाचीलाही भोंगा ठाऊक नव्हता, पण ती वाक्याच्या ओघात पुढं निघून गेली होती. म्हणून आता आमचा नियम असा, की जो शब्द अडेल त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची (वाचनालयाचं पुस्तक असेल तर वहीत लिहायचा). जुन्या पुस्तकांत असे शब्द पुष्कळ येतात. तार येते, ट्रंककॉल लागतो, आणे मोजले जातात. तारेची सेवा २०१३ मध्ये बंद झाली, आजच्या पोरांनी ती पाहिलेलीच नाही. पण ज्या काळात निरोप पोचायला वेळ लागायचा, त्या काळातलं रहस्य हातात मोबाईल असताना उभंच राहिलं नसतं, हे पोरांना समजावून सांगा. त्यांना ते पटकन कळतं.

अशी एका पानाची गोष्ट तुम्हीही लिहा. साहित्यिक असायची गरज नाही. घरातली वस्तू, ओळखीची गल्ली, तीन माणसं, एक खोटं वाक्य. ते खोटं वाक्य अगदी साध्या शब्दात लपवा.

पुस्तक घेऊन बाहेर पडा

दर पुस्तकानंतर एक फेरी. आम्ही पहिली फेरी भुईकोट किल्ल्यात केली, कारण तेव्हा 'प्रतापगडावर फास्टर फेणे' वाचून झालं होतं आणि भाच्याला किल्लाच हवा होता. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. इतिहास सांगू नका, प्रश्न द्या. डोंगरावरच्या किल्ल्याला कडा राखतो, मग सपाटीवरच्या ह्या किल्ल्याला कोण राखत होतं? पोरगं खंदकाशी येऊन थांबतं. तटाला तट दुहेरी का? बुरुजावरून कुठपर्यंत दिसतं? आत पडक्या देवळाचे अवशेष आहेत. आधी काय होतं, देऊळ की किल्ला, हे नुसते दगड बघून सांगता येईल का? तटात कुठं कोरीव दगड बसवलेला दिसतो का? हा शेवटचा प्रश्न घेऊन दोन पोरं तासभर भिंतीला नाक लावून हिंडली. परत येताना सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसून त्यांनी वहीत जे लिहिलं त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.

घराबाहेर पडता येत नसेल तर खिडकीतून करा. दहा मिनिटं रस्ता बघायचा, मग तोंड फिरवून सांगायचं: किती सायकली गेल्या, विड्यांची टोपली घेऊन गेलेल्या मावशींच्या पायात काय होतं, कुणाच्या पाठीवर कापसाचं तूस होतं. तूस दिसलं म्हणजे माणूस मागावरून आलाय. होम्स लंडनमध्ये हेच करतो.

एक गोष्ट मोकळेपणानं बोला

जुन्या रहस्यकथांत, देशी असोत की परदेशी, संशय चटकन घरगड्यावर, फेरीवाल्यावर, परक्या माणसावर जातो. आपल्या शहरात ज्या पोरांच्या आया विड्या वळतात, घरकाम करतात, वडील मागावर उभे असतात, ती पोरं हे वाचताना गप्प होतात. मी बघितलंय. तिथं पुस्तक थांबवा आणि विचारा, "आधी गड्यालाच का धरलं? पुरावा काय होता?" आमच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे: 'नुसता संशय' आणि 'पुरावा'. एका मुलीनं तो रकाना भरताना गोष्टीतल्या इन्स्पेक्टरलाच संशयितांच्या यादीत घातलं.

मधेच सोडलं तर

सोडू द्या. तिसऱ्या प्रकरणापर्यंत पकड बसली नाही तर ते पुस्तक परत करून दुसरं आणा, वाद घालू नका. चार दिवस खंड पडला तर पुन्हा सुरू करताना वहीतून सुरू करा. संशयितांची पानं चाळली की गोष्ट आठवते. आणि हातातलं पुस्तक संपत आलं की पुढचं दोन दिवस आधी घरात आणून ठेवा. मधे आठवडा गेला की मोबाईल परत त्याची जागा घेतो.

भाच्याची वीस पुस्तकं दिवाणाखालून एकेक करून बाहेर आली. सातवं चालू आहे, दीड वर्षात. गेल्या रविवारी त्यानं माझ्या उशीखाली दोन पानं ठेवली, त्यानं स्वतः लिहिलेली गोष्ट. गड्ड्याच्या यात्रेत एका मुलाची चप्पल हरवते आणि चार जणांवर संशय आहे. तिसरं पान नव्हतं. मी मागितलं तर त्यानं फळीवरची चटणीची बरणी काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "आधी तुझी चिठ्ठी टाक की."